आधी ताडून पाहू, मग देऊ

कॉम्प्युटरची पेटी कितीही चांगली असली तरी आत ऑपरेटिंग सिस्टिम नसेल तर तो लोखंडाचा डबाच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ही सिस्टिम सीडीवर यायची. आमच्या सोलापुरात त्या काळात विंडोजची सीडी कुणी रीतसर पैसे मोजून आणल्याचं आम्ही तरी पाहिलं नव्हतं. बाजारातल्या टपरीवर मार्करने ‘एक्सपी’ लिहिलेली चकती मिळायची. नाहीतर ‘फॉरमॅट मारून’ देणारा एखादा मुलगा खिशातून ती काढायचा, तासाभरात काम करायचा आणि चहा पिऊन, पैसे घेऊन निघून जायचा. त्या चकतीवर काय आहे, ती कुणाच्या चकतीवरून उतरवली, ती मूळची कुठली, हे कुणी विचारत नव्हतं. चालली म्हणजे झालं.

शेजारच्या खालांच्या घरी मात्र ती चालली नाही. खालांचे शोहर नुकतेच वारले होते. मुलगी एमएस-सीआयटी करत होती आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करून चार पैसे मिळवत होती. मशीन फारच हळू झालं म्हणून तिने टपरीवरून चकती आणली आणि एका ओळखीच्या मुलाला बोलावलं. त्याने जुनं सगळं पुसलं, नवी सिस्टिम चढवायला घेतली आणि अर्ध्यावर पडदा थांबला: अमुक फाइल कॉपी होत नाही. पुन्हा प्रयत्न करा, सोडून द्या, बाहेर पडा, असे तीन पर्याय समोर. त्याने तिन्ही करून पाहिले. चकतीचा त्या जागेचा भागच खराब होता. पुढे जाता येईना आणि मागचं तर आधीच पुसलेलं. त्या मशीनमध्ये वडिलांचे शेवटच्या ईदचे फोटो होते. दुसरीकडे कुठेही नव्हते.

खाला त्या मुलाला काही बोलल्या नाहीत. मुलगी आमच्याकडे आली आणि तिने एकच प्रश्न विचारला: “चकती खराब आहे हे पुसायच्या आधी कळलं नसतं का?”

कळलं असतं. हे काम आम्ही भावंडांनी हातात घेतलं ते त्या प्रश्नामुळे. भाईजान तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, आपा बी.एड. करत होती आणि आम्ही धाकटे दोघे सामान उचलायला, रांगेत उभं राहायला.

भाईजान कॉलेजात लिनक्स वापरायला शिकले होते. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की, कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी सिस्टिम आपण उभी करणार. त्या कामाला त्यांनी ग्नू असं नाव दिलं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा म्हणता येईल असा भाग लिहिला. या दोन्हींच्या मेळातून जी सिस्टिम झाली तिला लोक लिनक्स म्हणतात. तिची अनेक रूपं आहेत. उबुंटू हे त्यातलं त्या वेळी सगळ्यांत सोपं. तिचा परवानाच असा की, नक्कल करा, दुसऱ्याला द्या, हवं तर नकलेचे पैसेही घ्या, पण तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्याला नाकारू नका.

मोहल्ल्यातल्या अभ्यासकेंद्राला त्याच सुमारास कुणा भल्या माणसाने सात जुने कॉम्प्युटर दिले होते. केंद्राचे सदर साहेब वयस्क, शिस्तीचे. त्यांनी आम्हाला बसवून विचारलं, “नक्कल करणं मुळात जायज आहे का? लोकांची अमानत आहे ही. चोरीचा माल नको.”

प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तरही नीट शोधलं. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला आहे की, लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क हे त्या-त्या माणसाचे खरे हक्क आहेत आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणं जायज नाही. उलेमांमध्ये याबाबत वेगळी मतंही आहेत, पण आम्हाला हा ठराव पटला. देशाचा कायदा तर स्पष्टच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३-ब सांगतं की, बेकायदा नक्कल आहे हे ठाऊक असताना ती कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी नसेल तर कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. त्याच कायद्याने रीतसर घेतलेल्या प्रतीची स्वतःसाठी राखीव नक्कल ठेवायलाही परवानगी दिली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपाने लिनक्सच्या परवान्याचा सारांश दीड पानात मराठीत लिहून दिला. सदर साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “म्हणजे देणाऱ्यानेच इजाजत दिली आहे. मग करा.”

इजाजत मिळाली, आता चकती हवी होती. उबुंटूवाले तेव्हा जगभर कुठेही टपालाने फुकट सीडी पाठवायचे. २०११ पर्यंत ती सोय चालू होती. पण टपाल यायला कित्येक आठवडे लागायचे आणि चार जणांनी मागितली की पुन्हा वाट पाहणं आलंच. ‘पीसीक्वेस्ट’ आणि ‘लिनक्स फॉर यू’ या इंग्रजी मासिकांसोबतही लिनक्सच्या चकत्या मिळायच्या, पण ती मासिकं आमच्या हाती लागेपर्यंत बऱ्याचदा चकती कुणीतरी काढून घेतलेली असायची. तेव्हा ठरलं की नेटवरून उतरवून घ्यायची आणि स्वतःच चकत्या बनवायच्या.

२००९ च्या ऑगस्टअखेर रमजान सुरू झाला. आमच्या इंटरनेटच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचा वापर मोफत होता, बाकी वेळेचा मोजून. जोडणीचा वेग सेकंदाला बत्तीस किलोबाइट. उबुंटू ८.०४ ची फाइल सुमारे सातशे मेगाबाइट. हिशेब करून पाहा: सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं. मोफतची वेळ बरोब्बर सहा तास! कुणीतरी मुद्दाम बेतल्यासारखं ते दहा मिनिटांनी हुकायचं. त्यात भारनियमन. लाईट गेली की उतरवणं तुटायचं, परत आली की जिथे तुटलं तिथून पुढे चालू करायचं. सहरीला उठल्यावर अम्मी चुलीकडे आणि भाईजान कॉम्प्युटरकडे. पहिल्या रात्री त्रेसष्ट टक्के झालं. दुसऱ्या रात्री पूर्ण.

असं तुकड्यातुकड्यांनी आलेलं काही आधी तपासावंच लागतं. त्यासाठी जो उपाय आहे त्याला चेकसम म्हणतात. आम्ही घरात त्याला ‘ठसा’ म्हणायचो. फाइल एका गणिती चाळणीतून गाळली की शेवटी बत्तीस अक्षरं हातात येतात: शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ ही सहा अक्षरं, यांचीच ती माळ. फाइल एका ओळीची असो की सातशे मेगाबाइटची, माळ बत्तीस अक्षरांचीच. आणि फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी माळ कुठल्या कुठे बदलते. उबुंटूवाले आपल्या मूळ फाइलचा ठसा जाहीर करतात. आपल्याकडे उतरलेल्या फाइलचा ठसा काढायचा आणि दोन्ही जुळवून पाहायचे. या चाळणीचं नाव एमडी-५. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी ती १९९१ मध्ये तयार केली.

“साइज तेवढाच आहे ना, मग अजून काय बघायचं?” असं आम्हाला कितीतरी जणांनी विचारलं. याचं उत्तर आमच्याआधी अब्बांनी दिलं, आणि त्यांना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता.

अब्बांची उमर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात गेली. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर उठते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जिथे भोक आहे तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खालीच राहतो. एकेका पुठ्ठ्याने आडव्या धाग्याची एकेक ओळ विणली जाते. पुठ्ठे झिजतात, फाटतात, दुसऱ्या मागासाठी तीच नक्षी हवी असते, म्हणून त्यांच्या नकला कराव्या लागतात. अब्बांचं काम त्या नकला तपासण्याचं. नवा पुठ्ठा जुन्यावर अचूक ठेवायचा आणि दोन्ही खिडकीच्या उजेडासमोर धरायचे. मूळच्या ज्या भोकातून उजेड येत नाही तिथे नव्यात भोक पडायचं राहिलेलं. मग पुठ्ठे उलटे करून पुन्हा, म्हणजे नव्यात एखादं जास्तीचं भोक पडलं असेल तर तेही दिसतं.

अब्बा म्हणाले, “भोकं मोजून काय उपयोग? दोन्हीकडे सव्वाशे असतील, पण त्यातलं एक शेजारच्या जागी पडलं असेल तर मोराची चोच वाकडी येते. आणि एका चादरीत नाही, त्या पुठ्ठ्यावर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत.” फाइलचा साइज म्हणजे नुसती भोकांची मोजणी. ठसा म्हणजे पुठ्ठा उजेडासमोर धरणं. भाईजान चार दिवस आम्हाला जे समजावत होते ते अब्बांनी एका दमात सांगितलं.

फाइलचा ठसा जुळला. इथे बरेच लोक थांबतात. पण फाइल बरोबर उतरली म्हणजे चकती बरोबर बनली असं नाही.

पहिली गोष्ट, चकती बनवण्याची रीत. उतरलेली आयएसओ नावाची फाइल म्हणजे अख्ख्या चकतीचा साचा असतो. सीडी राइट करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘ही प्रतिमा आहे, हिची चकती बनव’ असं सांगावं लागतं. बरेच जण ती फाइल गाण्यासारखी उचलून सीडीवर टाकतात. मग चकतीवर एकच भलीमोठी फाइल दिसते आणि कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होत नाही. अशी चकती घेऊन आमच्याकडे निदान पाच-सहा जण आले असतील, ‘तुमचं लिनक्स चालत नाही’ म्हणत.

दुसरी गोष्ट वेगाची. कोऱ्या सीडीच्या पाकिटावर ५२ एक्स असं मोठ्या दिमाखात छापलेलं असतं. म्हणजे दोन-तीन मिनिटांत काम. आम्ही ८ एक्सवर राइट करायचो, त्याला दहा मिनिटं लागतात. सावकाश लिहिलेली चकती जुन्या, थकलेल्या ड्राइव्हलाही सहसा वाचता येते, आणि केंद्रातले सातही ड्राइव्ह थकलेलेच होते. पण त्या दहा मिनिटांत लाईट गेली तर चकती बाद, दहा-बारा रुपये पाण्यात. म्हणून पेपरात आलेलं भारनियमनाचं वेळापत्रक अम्मीने कपाटावर चिकटवलं होतं. लाईट आल्या आल्या पहिलं काम सीडी राइट करण्याचं, मिक्सर नंतर.

तिसरी गोष्ट, झालेली चकती वाचून ताडून पाहणं. राइट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘लिहिल्यानंतर पडताळा’ अशी खूण असते, ती आम्ही कधीच काढली नाही. शिवाय चकतीचा ठसा पुन्हा काढायचो. पहिल्या दिवशी एक मजेदार कोडं पडलं. चकती ठणठणीत, कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होतोय, पण ठसा जुळत नाही. भाईजानांनी रात्र जागून कारण काढलं. सीडीवर माहिती २०४८ बाइटच्या घरांत बसते. मजकूर संपल्यानंतरही शेवटी काही रिकामी घरं लिहिली जातात. अख्खी चकती वाचली की ती जास्तीची घरंही चाळणीत जातात आणि ठसा बदलतो. फाइलच्या आकाराला २०४८ ने भागायचं, येतील तेवढीच घरं वाचायची आणि तिथे थांबायचं. तसं केलं आणि ठसा जुळला. हे इतक्या तपशिलात लिहितोय कारण या एका कारणाने चांगल्या चकत्या फेकून दिलेल्या आम्हाला माहीत आहेत. आणि त्याहून वाईट म्हणजे ‘ठसा कधी जुळतच नाही, सोडा’ असं म्हणून पाहणंच सोडून दिलेले लोकही.

अम्मीला हे सगळं ऐकून नवल वाटलं नाही. ती म्हणाली, “तरावीहमध्ये हाफिजसाहेब पढतात, पण मागे दुसरे हाफिज ऐकायला उभे असतातच ना? पढणारा कच्चा आहे म्हणून नाही उभं करत त्यांना.”

केंद्रासाठी नऊ चकत्या बनवल्या. इतवारी सकाळी बसवायचं ठरलं होतं. शनिवारी तरावीहनंतर ताडून पाहायला बसलो. आपा कागदावरचा मूळ ठसा चार-चार अक्षरांत वाचायची, आम्ही पडद्यावरच्या अक्षरावर बोट ठेवून ‘हो’ म्हणायचो. कॉम्प्युटर स्वतः जुळवून दाखवतो, पण आपाचा पडद्यावर पूर्ण विश्वास नव्हता. पाच चकत्या जुळल्या. सहावीचं पहिल्या चारातच बिनसलं. पुन्हा वाचून पाहिली, पुन्हा वेगळंच. ती उघडली तर सगळे फोल्डर दिसत होते. तिच्यावरून कॉम्प्युटर सुरूही झाला आणि उबुंटूचा तो तपकिरी पडदा आला.

केंद्राचे एक कार्यकर्ते समोरच बसले होते. त्यांना रात्रीच चकत्या न्यायच्या होत्या. “चल रही है ना? फिर कायकू अटका रहे?” त्यांचंही खोटं नव्हतं. मशीन सात आणि चांगल्या चकत्या हातात पाच. पण त्या चकतीवर झालं काय होतं ते भाईजानांनी दाखवलं. उबुंटूच्या सीडीत जवळजवळ अख्खी सिस्टिम एकाच मोठ्या दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते. पडदा यायला तिचा थोडाच भाग लागतो. बाकीचा लागतो तो प्रत्यक्ष चढवताना, म्हणजे हार्ड डिस्क पुसून झाल्यानंतर. खराब घर तिथे असेल तर काम मध्येच थांबतं आणि ‘त्रुटी क्रमांक पाच’ असा निरोप येतो: चकती किंवा ड्राइव्ह खराब असावा, कमी वेगाने राइट करून पाहा. सल्ला रास्त, पण पुसून झाल्यावर दिलेला.

खालांची मुलगी तिथेच होती. तिने काही न बोलता कात्री आणली आणि चकतीचे दोन तुकडे केले. नुसती बाजूला ठेवली असती तर कुणीतरी उचलून नेली असती, हे तिला आमच्याआधी सुचलं. उरलेल्या तीन चकत्या जुळल्या. एकूण आठ, म्हणजे सातांना पुरून एक वर.

इतवारी केंद्रात आणखी एक पडताळा केला. आमच्या ड्राइव्हने लिहिलेली चकती आमच्याच ड्राइव्हला वाचता येते, यात फार काही सिद्ध होत नाही. ज्या मशीनवर चढवायची तिथे वाचता आली पाहिजे. उबुंटूची सीडी घातली की पहिल्याच यादीत ‘चकतीत दोष आहेत का पाहा’ असा पर्याय यायचा. चकतीवरच तिच्या प्रत्येक फाइलच्या ठशांची यादी असते, ती घेऊन तो एकेक फाइल तपासतो. जुन्या मशीनवर याला बराच वेळ लागतो. तोवर कशालाही हात लावायचा नाही. दोन मशीननी चांगल्या चकत्याही नाकारल्या. तिथे दोष ड्राइव्हचा होता. तिसऱ्या मशीनचा ड्राइव्ह काढून लावला, काम झालं.

सगळंच साधलं असं सांगणार नाही. सातांपैकी एक मशीन हार्ड डिस्कने दगा दिल्यामुळे गेलं. चारांवर निव्वळ लिनक्स बसलं. दोनांवर केंद्राने रीतसर विंडोज विकत घेऊन शेजारी ठेवलं, कारण एमएस-सीआयटीचा सराव त्यावरच करावा लागायचा. लग्नपत्रिकांचं काम लिनक्सवर आलंच नाही. छपाईवाल्यांचे मराठी-उर्दूचे प्रोग्रॅम विंडोजवरच चालायचे आणि छापखान्याला त्यातलीच फाइल हवी असायची. लिनक्सवाले मित्र हे मान्य करताना थोडे अडखळतात. आम्ही अडखळत नाही.

त्यानंतर दोन वर्षं चकत्या वाटल्या. प्रत्येक पाकिटात आपाची चिठ्ठी: कुठली आवृत्ती, कुठल्या तारखेला राइट केली, तिचे बत्तीस अक्षरांचे ठसे आणि खाली एक ओळ, ‘पुढे नक्कल करायची असेल तर या चकतीवरून करू नका, मूळ फाइल आमच्याकडून न्या.’ झेरॉक्सच्या झेरॉक्सचं जे होतं तेच चकतीच्या चकतीचं होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवलेली राइट केलेली सीडी दोन-तीन वर्षांत कुठे ना कुठे रुसते. तिच्यावरचा रंगाचा थर ऊन आणि उष्णता सोसत नाही. आज धडधाकट असलेली चकती उद्या मूळ म्हणून वापरणं बरं नव्हे.

चकत्यांचा जमाना मग आपोआप सरला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं उबुंटू सीडीत मावेनासं झालं. आताचं पाच जीबीच्या वर असतं, ते साध्या डीव्हीडीतही मावत नाही. लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. पेनड्राइव्ह लावा आणि चढवा.

ठसाही बदलला. २००४ मध्ये शाओयुन वांग या चिनी गणितज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं की, एमडी-५ चा एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात. वाटेत झालेली मोडतोड ओळखायला एमडी-५ अजूनही पुरतो. जाणूनबुजून केलेला दगा ओळखायला पुरत नाही. म्हणून आता चौसष्ट अक्षरांचा एसएचए-२५६ वापरतात. आणि दगा होतो, ही नुसती शंका नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या नावाजलेल्या सिस्टिमच्या संकेतस्थळात कुणी घुसलं आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीची लिंक बदलून चोरदार ठेवलेल्या फाइलकडे वळवली. लोक खऱ्या घरी गेले आणि खोटा माल घेऊन आले. जो संकेतस्थळावरची फाइल बदलू शकतो तो शेजारी छापलेला ठसाही बदलू शकतो. त्यासाठी ठशांच्या यादीवर बनवणाऱ्यांची डिजिटल सही असते, ती वेगळी पडताळता येते. फाइल धडपणे आली का, हा एक प्रश्न. ती ज्यांची म्हणून सांगितली जाते त्यांचीच आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

आता हे पुन्हा का लिहायला घेतलं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. आमच्या मोहल्ल्यात असे कित्येक कॉम्प्युटर आहेत ज्यांच्यावर विंडोज ११ रीतसर चढत नाही. ते भंगारात द्यायचे नसतील तर लिनक्स हा सरळ मार्ग आहे, म्हणून पोरं पुन्हा विचारायला येतात. नेट आता इतकं वेगवान की पाच जीबी उतरवायला सहरीपर्यंत जागावं लागत नाही. पण मागच्याच महिन्यात एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला. आतली आयएसओ त्याला टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये मिळाली होती. “साइज बरोबर आहे, अंकल.”

त्याला पुढ्यात बसवून मूळ संकेतस्थळ उघडायला लावलं, ठशांची यादी शोधायला लावली. विंडोजवर याकरिता वेगळं काही घ्यावं लागत नाही. काळ्या खिडकीत सर्टयूटिल ही आज्ञा आधीपासून असते. तिला फाइलचं नाव आणि एसएचए-२५६ एवढं सांगितलं की मिनिटभरात ठसा समोर. त्याच्या फाइलचा ठसा जुळला नाही. आत काय होतं ते आम्ही शोधत बसलो नाही. मूळ जागेवरून नवी फाइल उतरवायला घेतली.

ती उतरेपर्यंत खालांच्या मुलीला फोन लावला. ती आता पुण्यात एका कंपनीत असते, याच कामात. यादीवरची सही कशी पडताळायची ते तिने फोनवरच एकेक पायरी करून घेतलं. शेवटी ठसा जुळवताना मुलाने पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं वाचली आणि म्हणाला, “जुळलं, आपा.”

“मधली अठ्ठेचाळीस राहिली,” ती म्हणाली. “वाच. मी थांबते.”